विट्यात लोकनृत्य कुठे शिकायला मिळेल? (मी आणि माझी ९ वर्षांची मुलगी)

गोदाकाठ | १४ जून
नमस्कार मंडळी. आम्ही एप्रिलमध्ये नाशिकहून विट्याला राहायला आलोय, नवऱ्याची बदली झाली. मुलगी चौथीत गेली यंदा. तिला नाचायचं फार वेड आहे, घरामागे यंत्रमाग चालतो त्याच्या खडखडाटावरसुद्धा ती पाय आपटत बसलेली असते. तिला आणि खरं सांगायचं तर मलाही लोकनृत्य शिकायचंय. इथे दोन क्लास बघून आले. एकीकडे सगळं वेस्टर्नच आहे, दुसरीकडे बोर्डावर "फोक" लिहिलंय पण तिथे स्पीकरवर कोळीगीत लावतात आणि पंधरा दिवसात एक गाणं बसवून देतात, मग पुढचं गाणं. मुलीने एक गाणं छान बसवलंही, पण घरी येऊन विचारलं की आई इथले लोक कुठला नाच करतात गं, इथे तर समुद्र नाही. मला उत्तर देता आलं नाही. विटा, खानापूर, तासगाव, कडेगाव, कराडपर्यंत कुठेही चालेल, रविवारी एसटीने जायची तयारी आहे. कुणाला माहिती असेल तर सांगा प्लीज.

कृष्णाकाठची | १४ जून
सांगलीत भरतनाट्यम, कथ्थकचे चांगले क्लास आहेत पण फक्त लोकनृत्य असं शिकवणारं माझ्या तरी पाहण्यात नाही. तोपर्यंत यूट्यूबवर बघून सुरुवात करा. मंगळागौरीचे खेळ तर सगळे आहेत तिथे.

तालीमवाला | १४ जून
ताई, सांगली जिल्ह्यात येऊन लोकनृत्य मिळत नाही म्हणताय ते वाचून वाईट वाटलं, कारण लेझीम ही आमच्याकडची शान आहे. १९८२ ला दिल्लीत एशियाड झालं त्याच्या उद्घाटनाला सांगलीच्या जवळजवळ ४०० जणांनी लेझीम खेळून दाखवली होती, आमच्या शाळेतले पीटीचे सर ते सांगताना अजून उभे राहून सांगायचे. आणि २०१४ च्या २६ जानेवारीला ७३३८ जण एकत्र लेझीम खेळले सांगलीत, गिनेस बुकात नोंद झाली त्याची. मी ते बघायला गेलो होतो, एवढ्या साखळ्यांचा एकदम आवाज झाला की तो कानात नाही छातीत वाजतो. तुम्ही शाळेत विचारा, बहुतेक शाळांच्या स्टोअररूममध्ये लेझीम असतातच.

एक_शिक्षिका | १५ जून
मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तालीमवाला दादा म्हणतात ते खरं, लेझीम असतात. पण शिकवणारे कमी झालेत. आधीच्या पिढीच्या मास्तरांना सगळं पाठ होतं, चार आवाज, आठ आवाज, बसून उठून, फिरून, सगळं शिट्टीवर. आता माझ्यासारखीला डीएड करताना जेवढं दाखवलं तेवढंच येतं, आणि २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आलं की आठ दिवस आधी गडबडीत घेतो, मग त्या परत गोणपाटात. मला स्वतःला नीट शिकायचंय म्हणून हा धागा मी वाचत राहणार.

माणदेशी_माणूस | १५ जून
ताई तुमच्यापसनं तासाभराच्या वाटंवर आटपाडी हाय. आमच्या माणदेशात, म्हंजे आटपाडी, जत, माण, तिकडं सांगोला, हितं धनगर समाजाचं गजीनृत्य चालतं, आमी नुसतं गजी म्हनतो. पांढरा घोळदार झगा, डोक्याला फेटा, हातात रुमाल. ढोल आन कैताळ, म्हंजे मोठ्या झांजा, वाजायला लागली की रिंगण धरत्यात. सुरवातीला लई हळू असतंय, बघनाऱ्याला वाटतंय ह्यात काय हाय, मग ढोलवाला एकेक घाई, म्हंजे ठेका, बदलत नेतो, तशी पावलं बदलत जात्यात, रुमाल उडायला लागत्यात आन सत्तर वर्साचं म्हातारं इसाच्या पोरासंगं गिरक्या घेतंय. मधी थांबून ओव्या म्हनायच्या, सुंबरान मांडायचं, म्हंजे देवाचं स्मरण, परत नाच. ह्येचा क्लास नसतो ताई. पोरगं बापाच्या मागं रिंगणात शिरतं आन त्येच्या टाचंकडं बघत शिकतं. बघायचं असंल तर कवठेमहांकाळ तालुक्यात आरेवाडीला बिरोबाच्या बनात यात्रेला जावा, आमच्याकडं खरसुंडीला जावा, न्हाईतर दसरा झाल्यावर कोल्हापूरकडं पट्टणकोडोलीला, तितं तर भंडाऱ्यानं सगळं आभाळ पिवळं हुतंय.

गोदाकाठ | १५ जून
बापरे, किती छान सांगितलंत दादा. मुलीला वाचून दाखवलं. तिचा पहिला प्रश्न, मुलींना रिंगणात घेतात का?

माणदेशी_माणूस | १६ जून
आमच्याकडं रीतीनं पुरुषच नाचत आल्यात, खोटं सांगत न्हाई. बाया कडंनं बसून बघत्यात. पन पोरीनं ढोलाजवळ बसून बघितलं तर कोन उठवत न्हाई. बघून बघून निम्मं शिकतंय मानूस.

नीरेपलीकडचा | १६ जून
मला एक बोलायचंय, राग मानू नका. गजी हे देवापुढचं आहे. बिरोबाची सेवा आहे ती. शाळेच्या गॅदरिंगला चार मिनिटांचा आयटम म्हणून करायला लागले लोक की त्यातला देव निघून जातो आणि झगा तेवढा राहतो. भाड्याने झगे आणून स्टेजवर नाचणारे ग्रुप बघितलेत मी, ओवी नाही, सुंबरान नाही, ढोलसुद्धा रेकॉर्डेड. शिकायची इच्छा चांगली आहे पण सगळंच शिकायला मिळालं पाहिजे असं नसतं.

एक_शिक्षिका | १६ जून
दादा, तुमची भावना कळते. पण माझ्या वर्गात धनगर वस्तीवरची सहा मुलं आहेत आणि गॅदरिंगला ती हिंदी गाण्यांवर नाचतात, कारण त्यांनाच वाटतं की आपलं ते गावंढळ. मागच्या वर्षी एका मुलाच्या आजोबांना शाळेत बोलावलं, ते ढोल घेऊन आले आणि त्यांनी वाजवलं तेव्हा त्या पोराची मान जी वर झाली ती मी विसरणार नाही. स्टेजवर आणायचं तर घरच्या माणसालाच बोलवून आणावं, एवढं मला वाटतं.

माणदेशी_माणूस | १६ जून
नीरेपलीकडचा दादा, देवाचं देवापाशी ऱ्हाईल. पन मास्तरीणबाईंचं पटलं. आजाला बोलवा, त्येला खुर्ची द्या, फेटा बांधा, मग पोरास्नी नाचवा.

मेणवलीघाट | १८ जून
थोडं वेगळं. मी वाईची. गोदाकाठ, तुम्ही स्वतःसाठीही विचारलंय म्हणून लिहिते, लावणी हा विचार डोक्यात आहे का? आमच्या वाईत यमुनाबाई वाईकर होऊन गेल्या, २०१२ ला पद्मश्री मिळाली, २०१८ ला गेल्या. बैठकीची लावणी म्हणजे काय ते त्यांच्यामुळे कळलं लोकांना. बसल्या जागी, एकच ओळ परत परत, आणि दरवेळी चेहऱ्यावर, बोटांत, मानेत वेगळा अर्थ. नाचणं म्हणजे उड्या असं वाटणाऱ्या माणसाने हे एकदा तरी बघावं. माझी आई त्यांना ऐकायला जायची आणि घरी मात्र सांगायची नाही कुठे गेले होते ते, इतकं लावणीला नावं ठेवायचे तेव्हा. ज्या बायकांनी ती जपली त्यांना समाजाने बाहेर ठेवलं आणि त्यांची कला मात्र आता सगळ्यांना स्टेजवर हवी असते, हे मला फार लागतं. शिकायचं तर त्यांच्या घराण्यातल्या, फडातल्या बायकांकडून शिका आणि त्यांना गुरू म्हणा. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची लावणी, तमाशा, शाहिरी अशा लोककलांची प्रशिक्षण शिबिरं होतात अधूनमधून, त्यावर लक्ष ठेवा. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे पण ती कलिनाला, तुम्हाला जमणार नाही.

वाळवेकर | १८ जून
तमाशाचा विषय निघाला म्हणून, पठ्ठे बापूराव आमच्या वाळवा तालुक्यातले, रेठरे हरणाक्षचे. अण्णाभाऊ वाटेगावचे. काळू-बाळू मिरजेजवळ कवलापूरचे. एवढं सगळं याच मातीतलं आणि आज एक क्लास सापडत नाही.

युवा_महोत्सव_वाली | १९ जून
मी आत्ता टीवायला आहे, इस्लामपूरला. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात आमच्या कॉलेजचं लोकनृत्य होतं, मी दोन वर्षं टीममध्ये होते. कोल्हापूर, सांगली, सातारा तिन्ही जिल्ह्यांची कॉलेजं असतात, आधी जिल्हास्तर मग मध्यवर्ती. प्रॅक्टिस कॉलेज सुरू झाल्यावर दोनेक महिने चालते, रोज संध्याकाळी हॉलमध्ये. विट्यातल्या कॉलेजमध्ये जाऊन सांस्कृतिक विभागाच्या मॅडमना भेटा, बसून बघू देतात. फक्त एक सांगते, आम्ही पहिल्या वर्षी गोंधळ हा लोकनृत्याचा प्रकार केला तेव्हा बाहेरून सर आले होते, त्यांनी स्टेप्स दिल्या, फॉर्मेशन दिली, आम्ही पाठ केलं आणि नंबर आला नाही. दुसऱ्या वर्षी संबळ वाजवायला खरे गोंधळी काका आले, त्यांनी पहिले दोन दिवस आम्हाला नाचूच दिलं नाही, फक्त संबळावर टाळ्या वाजवायला लावल्या. मग पाऊल आपोआप पडायला लागलं. कसं सांगू, आधी आम्ही मोजत होतो, वन टू थ्री फोर, नंतर मोजायची गरजच राहिली नाही.

हलगी_घुमकं | १९ जून
वरच्या ताईंनी शेवटी मुद्द्याचं लिहिलं. मी तासगाव तालुक्यातला, सध्या पुण्यात नोकरीला. वडील हलगी वाजवतात, आजा वाजवायचा. अख्खा धागा वाचला, सगळे नाच शोधताय आणि नाच शिकवणारा शोधताय, पण वाजवणारा कुणी शोधत नाहीये. आमच्याकडं नाच वाजवणाऱ्याच्या मागनं येतो. लेझीम असो, यात्रेतली सासनकाठी असो, कुस्तीचं मैदान असो, बेंदराची बैलांची मिरवणूक असो, हलगी-घुमकं-कैताळ तिथं असणारच, त्यामुळं कुठल्या गावचं मंडळ अजून खेळतंय, कुठल्या गावचं मोडलं, कोण म्हातारा अजून पोरांना हात धरून शिकवू शकतो हे हलगीवाल्याला तोंडपाठ असतं. माझ्या वडलांना विचारलं तर ते तीस गावं तरी सांगतील.

दुसरं म्हणजे मोबाईलवर गाणं लावून लेझीम खेळता येते का, येते, पण शिकता येत नाही, कारण गाणं तुमच्याकडं बघत नसतं. वडील बघत असतात. एखादं पोर चुकलं, मागं पडलं की ते ठेका तिथल्या तिथं फिरवत ठेवतात, ते सावरलं की मगच पुढची चाल. पावसाळी हवेत हलगीचं कातडं सैल पडतं, मग जाळ करून ती शेकायची, तेवढा वेळ सगळ्यांनी जाळाभोवती बसायचं, आणि त्या बसण्यात म्हातारी माणसं जे सांगतात ते दुसरीकडं कुठं मिळत नाही. आता फायबरच्या हलग्या आल्यात, त्या शेकाव्या लागत नाहीत.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो. लोक कोरिओग्राफरला हजारो रुपये देतात आणि हलगीवाल्याला म्हणतात चहा-नाष्टा बघू. आम्ही मातंग समाजाचे. लहानपणी वडलांबरोबर एका गावात गेलो होतो, मिरवणूक संपली, खेळणारे पंगतीला आत बसले आणि आमची ताटं बाहेर आली. वडील काही बोलले नाहीत, मी मात्र त्या दिवसापासून हलगीला हात लावला नाही, आज त्याचं वाईट वाटतं कारण चूक हलगीची नव्हती. म्हणून सांगतो, ज्यांना बोलवाल त्यांचे पैसे आधी ठरवा आणि जेवण असेल तर एका पंगतीत बसा. तुम्ही मनापासून विचारताय असं वाटलं म्हणून एवढं लिहिलं. वडलांशी बोलायचं असेल तर मेसेज करा.

गोदाकाठ | १९ जून
दादा, काय लिहू. तुमचं वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले. मेसेज करते आहे.

गलाईवाला | २१ जून
मी सध्या कोईमतूरला असतो, गलाईचा धंदा. गाव विट्यापासून आठ किलोमीटर. आमच्या गावचं लेझीम मंडळ होतं एके काळी, पंचवीस जण खेळायचो, मग एकेक करत सगळे सोनं-चांदी गाळायला बाहेर पडले, कुणी केरळात कुणी दिल्लीत, आता यात्रेला येतो तेव्हा निम्म्यांचे गुडघे धरतात आणि निम्म्यांना सुट्टी नसते. लेझीम मात्र विकल्या नाहीत. मंदिराच्या मागच्या खोलीत लोखंडी पेटीत आहेत, वीस-बावीस तरी असतील. किल्ली पुजाऱ्यांकडे. मी फोन करून ठेवतो, तुम्ही जाऊन बघा. पोरं खेळणार असतील तर न्या खुशाल, पेटीत गंजण्यापेक्षा बरं.

तालीमवाला | २१ जून
वा वा वा. दादा, मन भरून आलं.

बत्तीसशिराळा | २२ जून
माझ्या सासूबाई सांगतात ते टाईप करतेय, त्या ७४ वर्षांच्या आहेत. "त्या पोरीला म्हणावं पंचमीला शिराळ्याला ये. आमच्या वेळी पंचमीच्या आधी आठ-आठ दिवस रात्री जेवणं झाली की बायका देवळापुढं फेर धरायच्या. पाय कुणी शिकवले नाहीत. मोठ्या बाईचा हात धरला की तिचा झोल आपल्या अंगात येतो. झिम्मा, फुगडी, पिंगा, सगळं गाण्यावर आणि गाणं आमचंच, कुणी बाहेरचा वाजवायला नाही." त्या असंही म्हणाल्या की हादग्याची गाणी शाळेतल्या पोरींना येत नाहीत आता, त्याचं त्यांना फार वाईट वाटतं. कुणी आलं शिकायला तर त्या शिकवतील, पैसे वगैरे काही नको, फक्त चार-पाच जणी तरी पाहिजेत म्हणजे फेर होतो.

गोदाकाठ | २८ ऑगस्ट
बऱ्याच दिवसांनी लिहितेय, काय काय झालं ते सांगायला आले. जरा मोठं होईल.

गलाईवाला दादांच्या गावी जाऊन आलो जुलैमध्ये. पेटी उघडली, २१ लेझीम निघाल्या. साखळ्या गंजल्या होत्या, दोन दांडे चिरले होते, चकत्या मात्र शाबूत. पुजारी आजोबांनी रॉकेल आणि चिंध्या आणून दिल्या, मी, मुलगी आणि तिच्या वर्गातल्या तिघी अख्खा रविवार पुसत बसलो. आजोबा म्हणाले, बारा वर्षांनी पेटी उघडली.

मग हलगी_घुमकं दादांचे वडील आले. पैशांचं त्यांनी स्वतःहून काहीच सांगितलं नाही, दादांनी फोनवर आकडा सांगितला, आम्ही सात घरांनी वाटून घेतला. पहिल्या दिवशी त्यांनी लेझीम कुणाच्या हातात दिलीच नाही, अगदी युवा महोत्सवाच्या ताईंनी लिहिलं होतं तसंच, नुसतं चालायला लावलं हलगीवर. मुली कंटाळल्या. माझी तर घरी येऊन रडली की मला लेझीम पाहिजे. दुसऱ्या रविवारी दिली. आता सहा रविवार झालेत, चार आवाज सगळ्यांना येतात, आठ आवाजांत अजून गडबड होते, वळताना माझाच पाय चुकतो आणि काका लांबूनच बघतात, ठेका तिथेच फिरवत ठेवतात. दादा, तुम्ही लिहिलं होतं ते अगदी तसंच आहे. गेल्या रविवारी आमच्याकडे सगळे जेवले, काका मुलीशेजारी बसले होते, ती त्यांना विचारत होती की घुमकं आणि हलगी यात कोण मोठं.

पंचमीला शिराळ्यालाही गेलो. आजींचा हात धरून मी फेरात गेले. सुरुवातीला लाज वाटत होती, मग दुसऱ्या गाण्यानंतर काहीच वाटेनासं झालं. आजींना सांगा की त्यांचा झोल अजून अंगात आहे माझ्या. हादग्याला मुलींना घेऊन येते.

गजी अजून बघायची राहिली. दसऱ्यानंतर पट्टणकोडोलीला जायचं ठरवलंय.

एक_शिक्षिका | २८ ऑगस्ट
मी येऊ शकते का रविवारी? कराडहून सकाळची एसटी आहे.

गोदाकाठ | २८ ऑगस्ट
अहो या की, सकाळी ९ ला मंदिरापुढच्या पटांगणात. पाऊस असला तर आत मंडपात. एसटी स्टँडवरून घ्यायला येते मी.

हलगी_घुमकं | २९ ऑगस्ट
वडील फोनवर फक्त एवढंच म्हणाले की "पोरी बऱ्या हायत". ते कुणाला बऱ्या म्हणत नाहीत सहजी. दिवाळीला येतो तेव्हा मीपण येईन पटांगणात. घुमकं वाजवायला माणूस कमी पडतोय असं कळलं.

गलाईवाला | २९ ऑगस्ट
फोटो बघितला ग्रुपवर, दुकानात सगळ्यांना दाखवला. एक विचारायचं होतं, त्या पेटीत मुठीला लाल दोरा गुंडाळलेली एक होती का? ती माझी. दोरा आईने गुंडाळून दिला होता, हाताला फोड यायचे म्हणून.

गोदाकाठ | २९ ऑगस्ट
आहे दादा! दोरा फिका पडलाय पण आहे. माझी मुलगी दर रविवारी तीच उचलते, दुसऱ्या कुणाला घेऊ देत नाही. तिला सांगितलं तुमची आहे म्हणून, तर म्हणाली काका आले की देईन.

गलाईवाला | २९ ऑगस्ट
राहू दे तिच्याकडंच. फक्त डावीकडची कडी बघा, मी खेळायचो तेव्हाच ती हलत होती. बाजारात लोहाराकडून घट्ट करून घ्या, नाहीतर खेळताना साखळी सुटून कुणाला तरी लागायची.